लस्पॅटरसेप्ट की इपोएटिन अल्फा?

कमी जोखमीच्या मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम या रक्ताच्या आजारात अस्थिमज्जा (हाडांतील रक्तपेशी बनवणारा मगज) पेशी तयार करते, परंतु त्या नीट परिपक्व होत नाहीत, रक्तक्षय होतो, आणि रुग्णाचे आयुष्य रक्ताच्या पुढच्या पिशवीभोवती फिरू लागते. या रक्तक्षयावरील दोन औषधांपैकी इपोएटिन अल्फा तांबड्या पेशींच्या सुरुवातीच्या वाढीला चालना देते, तर लस्पॅटरसेप्ट त्यांच्या परिपक्वतेच्या उशिराच्या टप्प्यातील अडथळा दूर करते. पहिले आठवड्यातून एकदा, दुसरे तीन आठवड्यांतून एकदा त्वचेखाली टोचतात.

दोन्हींची थेट तुलना ‘कमांड्स’ चाचणीत झाली. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंतरिम विश्लेषणात, पहिल्या २४ आठवड्यांत किमान सलग १२ आठवडे रक्त न चढवता राहणे आणि हिमोग्लोबिन सरासरी प्रति डेसिलिटर किमान १.५ ग्रॅमने वाढणे, हे दुहेरी उद्दिष्ट लस्पॅटरसेप्ट घेणाऱ्या ५९ टक्के, तर इपोएटिन घेणाऱ्या ३१ टक्के रुग्णांनी गाठले. हा फरक मला खरोखर मोलाचा वाटतो. मात्र कोणते औषध दिले जात आहे हे रुग्ण व डॉक्टर दोघांनाही ठाऊक होते, आणि ज्यांच्या मज्जेत रिंग सिडेरोब्लास्ट (केंद्रकाभोवती लोहाचे कडे असलेल्या अपरिपक्व तांबड्या) पेशी नव्हत्या त्यांच्यात लस्पॅटरसेप्टची आघाडी दिसली नाही. अशा रुग्णासाठी, विशेषतः औषधाचा खर्च स्वतःच्या खिशातून होत असेल तर, इपोएटिनपासून सुरुवात करणे मला अधिक रास्त वाटते.