केस १८४५सी: जुना स्किड स्टीअर घेताना काय तपासाल

केस कंपनीचा १८४५सी हा स्किड स्टीअर, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं वेगवेगळ्या गतीने फिरवून वळणारा छोटा लोडर. अमेरिकेतल्या शेतांवर आणि बांधकामांवर तो आजही राबतो, त्याचं श्रेय मुख्यतः ३.९ लिटरच्या चार सिलिंडर डिझेल इंजिनाला. कमिन्सच्या बी मालिकेचं हे इंजिन आहे, त्यामुळे पार्ट मिळायला अडचण नाही. डिझेल फिल्टर बदलल्यावर इंजिन चालू होत नसेल तर स्टार्टर मारत बसू नका. फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाचा) हातलिव्हर मारत ब्लीड स्क्रूतून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढा.

खरी परीक्षा चाकं फिरवणाऱ्या चेनची. यंत्र ठोकळ्यांवर उचला, प्रत्येक चाक हाताने पुढेमागे हलवा. मोकळा खेळ जास्त असेल, म्हणजे चेन सैल असेल, तर एक्सल हाउसिंगचे बोल्ट सैल करून हाउसिंग सरकवा, म्हणजे चेन ताणली जाते. पण आधी चाक पूर्ण फिरवून चेन सर्वांत घट्ट होते ती जागा शोधा आणि ताण तिथेच बघा. सैल जागी ताणली तर फेरा पुरा होताना बेअरिंगवर लोड येतो. चेन ज्या पेटीत फिरते त्या चेन केसचं तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. नुसतं तेल बदलून भागत नाही, एक्सल सील बघाच.

सीटखालची, इंजिनाभोवतीची तेलकट माती खरवडून काढा. आगीचा धोका तिथेच असतो. हायड्रॉलिक गळती पुठ्ठ्याने शोधा, हाताने कधीच नाही: बारीक छिद्रातली धार कातडीत घुसते. आणि बकेट उचलणारे आर्म वर असताना खाली काम करायचं, तर आधी लॉक लावा.

इंजिनासाठी घ्या. चेन आणि स्प्रॉकेट झिजले असतील, तर भाव त्या हिशेबाने पाडून मागा.