पाच ‘ब्लेड रनर’, एक ‘स्टार वॉर्स’: डिस्कचे संच काही महिने वापरल्यानंतर

ज्यांना चित्र किती स्वच्छ दिसतं एवढंच हवंय, त्यांना इथेच सांगतो: उत्तम दिसतं, घेऊन टाका. बाकीच्यांनी थोडं बसा. जुन्या विज्ञानपटांच्या डिस्क घेताना खरी मेख वेगळीच असते. डब्यावर नाव तेच, पोस्टर तेच, आणि आत सिनेमा कोणता निघेल याचा नेम नाही.

सामान असं: साधा ब्लू-रे प्लेअर, मधल्या दर्जाचा प्रोजेक्टर, त्रिमूर्तीनगरातल्या फ्लॅटच्या मागच्या खोलीतली पांढरी भिंत. ‘ब्लेड रनर’चा पाच आवृत्त्यांचा संच, ‘स्टार वॉर्स’चा २०११ चा नऊ डिस्कचा डबा, त्यातल्याच पहिल्या तीन सिनेमांच्या २००६ च्या डीव्हीडी (कुणीतरी वापरून विकलेल्या), ‘ई.टी.’ची २०१२ ची डिस्क आणि ‘स्टार ट्रेक’ची साठच्या दशकातली मूळ मालिका. दिवाळीच्या सुमारास हे सगळं गोळा झालं. थंडी गेली, उन्हाळा गेला, आता पाऊस सुरू आहे. नागपुरात अशा डिस्क दुकानात मिळायचे दिवस केव्हाच सरले. बर्डीवर विचारलं तर दुकानदार आपल्याकडे दयेनं पाहतो. त्यामुळे बहुतेक माल नातेवाइकांच्या बॅगांतून आला. मागवणार असाल तर रीजन, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालेल ते, बघून मागवा. ब्लू-रेत अमेरिका ए, युरोप बी, आपण सी. काही डिस्क कुठेही चालतात, काही अडून बसतात. फोर-के, म्हणजे ब्लू-रेहून बारीक चित्राच्या, डिस्कला ही भानगड नाही.

सगळ्यात जास्त वापर झाला ‘ब्लेड रनर’चा. या संचाची खरी करामत त्याच्या निवडीत आहे: प्रदर्शनाआधीची कच्ची प्रत, १९८२ ची अमेरिकी आवृत्ती, त्याच वर्षीची जरा जास्त रक्तपाताची आंतरराष्ट्रीय आवृत्ती, १९९२ चा डायरेक्टर्स कट आणि २००७ चा फायनल कट. पाचही शेजारी शेजारी, पाचही व्यवस्थित. कुणी कुणाला हाकललेलं नाही. दिग्दर्शक रिडली स्कॉटला पूर्ण मोकळीक मिळाली ती फक्त शेवटच्या वेळी, तरी त्यानं आधीच्या चारांवर माती लोटली नाही.

१९८२ च्या आवृत्तीत नायक हॅरिसन फोर्डचं निवेदन आहे, निर्मात्यांच्या आग्रहाखातर घातलेलं. प्रेक्षकाला काही कळणार नाही या भीतीपोटी सगळं सांगत सुटतं. शेवटी नायक-नायिका हिरव्या डोंगरांतून गाडीनं निघून जातात, आणि ते डोंगर स्टॅन्ली कुब्रिकच्या ‘द शायनिंग’साठी हेलिकॉप्टरमधून घेतलेल्या उरल्यासुरल्या चित्रीकरणातले आहेत. १९९२ मध्ये निवेदन गेलं, डोंगर गेले, एकशिंगी घोड्याचं स्वप्न आलं आणि सिनेमा वेगळाच झाला. मे महिन्यात आमच्याकडे हा बदल फुकटात होतो. डेझर्ट कूलर फुल्लवर असला की फोर्डचं निवेदन ऐकूच येत नाही.

फायनल कटमधले बदल मात्र बारकाईनं बघावेत. नायक जिच्या मागावर असतो ती झोरा काचांमधून धावत सुटते तो प्रसंग घ्या. जुन्या आवृत्तीत तिथे स्टंटबाई आहे हे लहान टीव्हीवर निभावून जायचं, आमच्या भिंतीवर नाही निभावत: डोक्यावरचा टोप सरळ टोप दिसतो, चेहरा भलत्याच बाईचा. २००७ साठी झोरा झालेल्या जोआना कॅसिडीला पुन्हा बोलावून तिचा चेहरा त्या शरीरावर बसवला. रिमोटनं एकेक फ्रेम पुढे नेत पाहिलं, सांधा सापडला नाही. सापवाल्या अब्दुल बेन हसनशी बोलताना फोर्डचे ओठ आणि संवाद जुळत नव्हते. तिथे फोर्डच्या मुलाचे ओठ चित्रित करून लावले. उडत्या गाडीला धरून ठेवणाऱ्या तारा पुसल्या. ही डागडुजी आहे, आणि ती करणाऱ्याला मी मनापासून दाद देतो. एकच गोष्ट मला पटत नाही. नायकाचा प्रतिस्पर्धी रॉय बॅटी मरतो तेव्हा त्याच्या हातातलं कबुतर जुन्या आवृत्तीत स्वच्छ निळ्या आकाशात उडतं. रात्र, मुसळधार पाऊस आणि अचानक निळं आकाश: चूक उघड आहे, म्हणून २००७ मध्ये तिथे काळोखं शहर टाकलं. पण दोन तास धूर आणि पाऊस पाहिल्यावर दिसणारा तो निळा तुकडा मला हवाय. चूक असू दे. मला हवाय, आणि या संचात तो मिळतो.

आता ‘स्टार वॉर्स’.

२०११ चा डबा दिसायला देखणा. पण यात १९७७ चा सिनेमा नाही. १९९७ मध्ये ‘स्टार वॉर्स’चा कर्ता जॉर्ज लुकासनं स्पेशल एडिशन, म्हणजे बदललेली आवृत्ती, काढली, २००४ मध्ये डीव्हीडीसाठी आणखी हात फिरवला, २०११ मध्ये पुन्हा, आणि २०१९ मध्ये स्ट्रीमिंगवर येताना पुन्हा एकदा. मूळ रूप या डब्यात शोधूनही सापडत नाही. ते आहे २००६ च्या डीव्हीडीत, तेही जादा डिस्क म्हणून, १९९३ च्या लेझरडिस्कच्या (डीव्हीडीआधीच्या मोठ्या तबकडीच्या) मास्टरवरून उतरवलेलं. रुंद पडद्यासाठी नीट बसवलंच नाही, त्यामुळे भिंतीवर चारी बाजूंनी काळी चौकट आणि मधे एक धूसर सिनेमा. वाळवंटातल्या दृश्यांत कडा विरघळल्यासारख्या वाटतात.

तरीही आमच्याकडे जास्त वेळा हीच लागते.

कारण सांगतो, आणि ते जुन्याच्या हळवेपणाचं नाही. इतके महिने दोन्ही आलटून पालटून लावल्यावर एक गोष्ट डोळ्यांत भरते: १९७७ चं काम म्हातारं होत नाही, १९९७ चं झालंय. मूळ अवकाशजहाजं म्हणजे छोटी मॉडेलं, हातानं बांधलेली, खऱ्या दिव्याखाली ठेवलेली, कॉम्प्युटरनं हलवलेल्या कॅमेऱ्यानं टिपलेली. त्या कामाला ऑस्करही मिळालं. प्लास्टिकवर पडलेला उजेड आजही उजेडच दिसतो. उलट मॉस आयझ्ली गावाच्या रस्त्यावर १९९७ मध्ये जे प्राणी सोडले, ते कॅमेऱ्यासमोरून मुद्दाम आडवे जातात, आणि त्यांच्यावर पडलेलं ऊन शेजारच्या माणसांवरच्या उन्हाशी जुळत नाही. गुन्हेगारांचा म्होरक्या असलेल्या जब्बाचंच बघा. १९७६ मध्ये तो प्रसंग डेक्लन मलहोलंड या नटाला घेऊन चित्रित झाला होता, मग वगळला. १९९७ मध्ये त्या माणसावर कॉम्प्युटरचा जब्बा चढवला. अडचण अशी की तस्कर हान सोलो त्या माणसाच्या मागून चालत गेला होता आणि जब्बाला शेपूट आहे. मग हानची अख्खी आकृती उचलून शेपटीवर पाय दिल्यासारखं दाखवलं. तो जब्बा इतका वाईट दिसत होता की २००४ मध्ये पुन्हा नवा करावा लागला. सुधारणेची सुधारणा! शिवाय त्या प्रसंगातलं बोलणं बरंचसं हानला पकडायला आलेल्या ग्रीडोच्या प्रसंगात होऊन गेलेलं, आणि तिसऱ्या सिनेमापर्यंत न दिसणाऱ्या जब्बाचा दरारा पहिल्याच सिनेमात संपतो.

ग्रीडोची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. १९७७ मध्ये टेबलाखालून हान गोळी झाडतो, विषय संपला. १९९७ मध्ये ग्रीडो आधी झाडतो आणि हातभर अंतरावरून चुकतो. हानची मान कॉम्प्युटरनं बाजूला सरकवली आहे. नंतर दोघे जवळपास एकदमच झाडू लागले. माझा भाचा हा सिनेमा मोबाइलवर पाहून मोठा झाला, त्याला २००६ ची डिस्क लावून दिली. “मामा, हा तर सरळ उडवून मोकळा झाला बे!” म्हणाला आणि पुढचा सिनेमा त्यानं हानकडेच बघत पाहिला. शेवटी तो स्वार्थी माणूस परत फिरतो तेव्हा त्याला मजा आली. आधी माणूस वाया गेलेला दिसलाच नाही, तर सुधारलेला काय दिसणार?

पण माझा सगळ्यात मोठा राग दुसऱ्याच जागेवर आहे. ‘रिटर्न ऑफ द जेडाय’च्या शेवटी दुष्ट सम्राट नायक ल्यूकला विजेनं भाजतोय आणि ल्यूकचा बाप, मुखवटाधारी डार्थ व्हेडर, शेजारी उभा. मूळ दृश्यात तो काही बोलत नाही. मुखवटा मुलाकडे वळतो, सम्राटाकडे वळतो, पुन्हा मुलाकडे. निळा उजेड त्या काळ्या शिरस्त्राणावरून सरकत राहतो. चेहरा नाही, डोळे नाहीत, तरी आत काय चाललंय ते खोलीत बसलेल्या प्रत्येकाला कळतं. मग तो सम्राटाला उचलतो. २०११ च्या डिस्कमध्ये याच जागी तो “नो” म्हणतो, आणि मग उचलताना लांबलचक “नोऽऽऽ”. आमच्या घरी हे दृश्य लागलं तेव्हा शेजारचे काका, ज्यांना या सिनेमांचं सोयरसुतक नाही, हसले. त्यांची काय चूक?

त्याच सिनेमात शेवटी व्हेडरच्या आत्म्याच्या रूपात दिसणारे नट सबॅस्टियन शॉ २००४ मध्ये काढून तिथे तरुण नट हेडन क्रिस्टेन्सनला उभं केलं. शॉ १९९४ मध्येच वारले होते. दिग्दर्शक रिचर्ड मार्क्वंड १९८७ मध्ये गेले. विचारायचं कुणाला?

भाच्याशी यावरून पोह्यांच्या गाडीवर जुंपली. त्याचं म्हणणं, “लुकासचा सिनेमा आहे, त्याला वाटेल ते करू दे नं. तुमचं काहून पोट दुखते?” मुद्दा सोडून देण्यासारखा नाही. कथा लुकासची, पैसा लुकासचा. मी त्याला एवढंच विचारलं, तुमच्या कंपनीत नवीन कोड टाकताना जुना कायमचा पुसतात का? “पुसला तर नोकरी जाईल,” म्हणाला, आणि तर्री वाढून घ्यायला उठला.

गंमत म्हणजे याविरुद्ध सगळ्यात नेमकं बोलला होता तो लुकासच. १९८८ मध्ये, जुन्या कृष्णधवल सिनेमांना रंग फासायची टूम निघाली तेव्हा, त्यानं अमेरिकी काँग्रेससमोर साक्ष दिली. उद्या तंत्रज्ञान नटांच्या जागी ताजे चेहरे बसवेल, संवाद बदलून त्याप्रमाणे ओठ हलवेल, असा इशारा दिला. त्याचा रोख मालकी हक्क विकत घेऊन दुसऱ्याच्या कामावर हात चालवणाऱ्या कंपन्यांवर होता, हे न्यायानं सांगायला हवं. पण ताजा चेहरा पुढे त्यानंच बसवला.

सगळे बदल वाईट नाहीत. ‘एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मधल्या बर्फाच्या लढाईत मूळ प्रतीत विमानांच्या कॉकपिटमधून मागचा बर्फ आरपार दिसायचा; ते दुरुस्त केलं ते बरंच झालं. क्लाउड सिटीला खिडक्या फोडल्या, त्याही शोभतात.

‘ई.टी.’बद्दल थोडक्यात. १९८२ चा सिनेमा २००२ मध्ये पुन्हा आणताना स्पीलबर्गनं पोलिसांच्या हातातल्या बंदुका काढून वॉकीटॉकी दिले. नंतर पश्चात्ताप झाल्याचं तो उघडपणे बोलला, आणि २०१२ च्या डिस्कवर मूळ सिनेमाच आला. बंदुका परत आल्या, मुलांच्या सायकली हवेत उठतात तेव्हा जीव पुन्हा मुठीत येतो. घरात लहान मुलं असतील तर ही आधी घ्या.

आणि या सगळ्यात शहाणी निघाली ‘स्टार ट्रेक’. २००६ पासून तिचे अवकाशातले प्रसंग कॉम्प्युटरवर नव्यानं बनवले, पण ब्लू-रेवर जुने आणि नवे दोन्ही ठेवले. रिमोटचं एक बटण दाबलं की चालू प्रसंगात जुनं जहाज येतं, पुन्हा दाबलं की नवं. वाद नाही, तंटा नाही. नवं जहाज सुबक आहे, पण खालच्या प्लायवुडच्या खडकांशी आणि रंगीत दिव्यांशी जुनंच जुळतं, म्हणून मी जुन्यावरच ठेवतो. बायको नव्यावर.

हे सगळं परदेशातलं म्हणून सोडून देऊ नका. ‘मुघल-ए-आझम’ २००४ मध्ये रंगवला, पण कृष्णधवल प्रत शाबूत आहे. ‘शोले’मध्ये आणीबाणीच्या काळात सेन्सॉरमुळे बदलावा लागलेला शेवट २०२५ मध्ये दुरुस्त प्रतीत परत जोडला गेला, तिथे बदल म्हणजे उलट मूळ जागेवर येणं होतं. आणि त्याच वर्षी ‘रांझणा’ तमिळमध्ये पुन्हा लावताना एआयनं त्याचा शेवटच बदलून टाकला, दिग्दर्शक आनंद एल. राय विरोध करत राहिले. १९८८ ची ती साक्ष आपल्या टॉकीजपर्यंत पोचायला एवढा वेळ लागला.

जून २०२५ मध्ये लंडनला ‘स्टार वॉर्स’ची १९७७ ची खरी प्रिंट एका महोत्सवात दाखवली. म्हणजे प्रिंट आहे, दाखवता येते. डिस्कवर का नाही, ते ज्यांचं त्यांना माहीत.

वापराच्या बारीकसारीक गोष्टी: कूलरची ओलसर हवा थेट प्लेअरवर येऊ देऊ नका, डिस्क डब्यातच ठेवा. मराठी सबटायटल एकाही डिस्कवर नाहीत. ‘ब्लेड रनर’ची कच्ची प्रत एकदा बघण्यापुरतीच, चित्र भरड आहे. घेताना डब्याच्या मागे आवृत्तीचं साल आणि मिनिटं वाचा. नुसतं ‘रिस्टोअर्ड’ लिहिलंय म्हणून भुलू नका, ‘टर्मिनेटर २’ची २०१७ ची फोर-के डिस्क मित्राकडे पाहिली, फिल्मचा दाणा इतका पुसलाय की माणसं मेणाची वाटतात.

‘ब्लेड रनर’ आणि ‘स्टार ट्रेक’ डोळे मिटून घ्या. ‘स्टार वॉर्स’चा डबा कुणी स्वस्तात काढत असेल तरच. २००६ च्या डीव्हीडी कुठे दिसल्या तर मात्र घासाघीस करत बसू नका, फक्त पैसे देण्याआधी जादा डिस्क आत आहे का ते उघडून पाहा.