आधीच्या मालकाच्या पट्ट्यांतलं डीसी-८: धायरीतल्या मॉडेलवाल्याचं काम

मागणीच अशी होती की दोन दुकानांनी सरळ हात वर केले. विमानाचं मॉडेल हवं, पण कुठल्याही एका कंपनीच्या पूर्ण रंगात नको. अंगावरचे पट्टे आधीच्या मालकाचे, शेपटीवरचं चिन्ह पांढऱ्या रंगाखाली गाडलेलं, आणि कंपनीच्या नावाच्या जागी नुसतं ‘कार्गो’. लक्ष्मी रोडच्या एका दुकानात तर “मॅडम, डिफेक्टिव्ह पीस कशाला पाहिजे?” असं ऐकून घ्यावं लागलं. धायरीत घरातल्याच एका खोलीत वर्कशॉप चालवणाऱ्या या मुलाने मात्र उलट मलाच विचारलं, “काकू, जुनं नाव खरवडून काढलंय की वरून रंग मारलाय?” मी लगेच ॲडव्हान्स दिला.

थोडं माझ्याबद्दल, म्हणजे हा हट्ट कुठला ते कळेल. नव्वदच्या दशकात मी मुंबईत सहारला एका फ्रेट फॉरवर्डरकडे, म्हणजे दुसऱ्यांचा माल विमानाने पाठवून देणाऱ्या कंपनीत, डॉक्युमेंटेशनला होते. एअरवे बिलाचे, म्हणजे विमानाने जाणाऱ्या मालाच्या पावतीचे, पहिले तीन आकडे बघून कंपनी ओळखायची, एअर इंडियाचे ०९८, लुफ्तान्साचे ०२०, ही सवय अजून सुटलेली नाही. पण रात्री रॅम्पवर, म्हणजे माल चढवायच्या जागी, उभ्या असलेल्या भाडोत्री विमानाचा त्या आकड्यांशी मेळ बसेलच असं नसायचं. बिल एका कंपनीचं, पट्टे दुसरीचे, रजिस्ट्रेशन तिसऱ्याच देशाचं. पार्टीचा फोन यायचा, “आमचा माल नक्की कोणाच्या विमानात चढला?” आणि खरं उत्तर द्यायला पाच मिनिटं लागायची.

यामागचं गणित सोपं आहे. मालाचा सीझन आला की कंपन्या विमान वेट लीजवर घेतात. विमान, वैमानिक, देखभाल, विमा हे सगळं मालकाचं, त्यालाच धंद्यात एसीएमआय म्हणतात. इंधन आणि माल भाडेकरूचा. करार काही महिन्यांचा. तेवढ्यासाठी अख्खं विमान हँगरमध्ये उभं करून जुना रंग उतरवायचा, नवा चढवायचा, म्हणजे तितके दिवस कमाई बंद. बोइंग ७४७ सारख्या विमानावर नुसत्या रंगाचंच वजन अडीचशे किलोच्या घरात जातं. अकरा महिन्यांच्या करारावर घेतलेल्या फ्लॅटला कोणी स्वखर्चाने रंग काढून घेतं का? तसंच हे. नाव पुसा, स्टिकर लावा, उडवा. बोलूनचालून माल तो, त्याला विमानाच्या रंगाशी काय देणंघेणं!

विमान मी डीसी-८ निवडलं, त्यातही -६३ हा लांबुळका प्रकार. डग्लस कंपनीचं हे जेट पहिल्यांदा उडालं १९५८ मध्ये, उत्पादन थांबलं १९७२ मध्ये, आणि एकूण बनली ५५६. प्रवासी कंपन्यांनी ती काढून टाकल्यावर बऱ्याच विमानांचं दुसरं आयुष्य मालवाहतुकीत गेलं. पुढे आवाजाचे नियम कडक झाले, तेव्हा ११० विमानांना नवी सीएफएम-५६ इंजिनं बसवली आणि त्यांना ७० च्या मालिकेचे नंबर मिळाले. नासाने तर आपलं डीसी-८ अगदी २०२४ पर्यंत वापरलं. ऑगस्ट १९६१ मध्ये एका चाचणीत याच जातीच्या विमानाने सूर मारताना आवाजाचा वेग ओलांडला होता, हे मी त्या मुलाला सांगितलं तर त्याने माझ्याकडे, कुणी थापा मारत असावं तसं पाहिलं आणि मग मोबाइल काढून खात्री करून घेतली. घ्यावीच.

आता कामाबद्दल. खरं विमान ५७ मीटर लांब, म्हणजे १:१४४ च्या प्रमाणात मॉडेल जेमतेम चाळीस सेंटिमीटरला कमी. किट परदेशी, रंगकाम आणि डिकल (वरून चिकटवायची अक्षरं-चित्रं) त्याचे. नाकाखालच्या त्या दोन हवेच्या तोंडांवरून डीसी-८ लांबूनही ओळखू येतं. ती त्याने बुजू दिलेली नाहीत. स्वस्त मॉडेलांत तिथे नुसते काळे ठिपके असतात, इथे आत खोली दिसते. इंजिनं सडपातळ आणि लांब हवीत असं मी सांगितलं होतं. “जाड इंजिनं भारी दिसतात, काकू” असा त्याचा आग्रह होता, पण -६३ ला ती चालणार नाहीत हे पटल्यावर मुकाट्याने बदलली. पुढच्या डाव्या बाजूचा मालाचा दरवाजा, जो प्रत्यक्षात १४० बाय ८५ इंचांचा असतो, त्याने कोरून काढलाय, डिकलची रेघ ओढून भागवलेलं नाही. प्रवासी विमानाचं मालवाहू करताना खिडक्या धातूच्या तुकड्यांनी बंद करतात आणि त्यांच्या कडा रंगाखालूनही जाणवत राहतात. इथे बोट फिरवलं तर त्या लागतात.

पण पैसे वसूल झाले ते एका जागी. मॉडेल ट्यूबलाइटखाली तिरकं धरलं की ‘कार्गो’च्या मागे जुन्या नावाची अक्षरं उमटतात. पूर्ण वाचता येत नाहीत, चार-पाच उभ्या रेघा आणि एक गोलाई एवढंच. त्याने आधी खरोखर एक नाव लावलं, त्यावर लॅकर मारलं, पॉलिश पेपरने घासलं आणि वर पांढऱ्याचा पातळ हात दिला. शेपटीवरचा पांढरा आणि अंगावरचा पांढरा हेही वेगवेगळे. एक जुना, पिवळट झालेला, दुसरा कालच मारलेला. तिसऱ्या इंजिनाचं आवरण मुद्दाम राखाडी ठेवलंय, दुसऱ्या विमानाचं काढून बसवल्यासारखं. हे मी सांगितलं नव्हतं. जुने फोटो बघून त्याने स्वतःच्या डोक्याने केलं, आणि अगदी बरोबर केलं.

मळ मात्र साफ चुकलाय. अंगभर सारखा काळपटपणा, पावडर फासल्यासारखा. भाडोत्री कार्गो जेट असं मळत नाही. धूर इंजिनामागून पंखावर आणि पायलॉनवर (इंजिन पंखाला जोडणाऱ्या दांड्यावर) मागे जातो, पोटाखाली तेलाचे ओघळ हवेच्या दिशेने ओढले जातात, आणि सगळ्यात जास्त खरचटलेली असते ती दरवाज्याची खालची चौकट, कारण माल वर चढवणारी लोडर गाडी तिथेच येऊन टेकते आणि माल रचलेले पॅलेट तिथूनच आत सरकतात. त्याने नेमका दरवाजाच चकाचक ठेवलाय! म्हणजे हे विमान रोज उडतंय, पण त्यात माल काही चढत नाही. हे त्याला सांगितलं तर म्हणाला, “सगळ्यांना असंच वेदरिंग आवडतं.” वेदरिंग म्हणजे मॉडेल मुद्दाम मळवणं. आवडत असेल. ज्याला फक्त शोभेचं जुनं विमान हवंय त्याचं काम भागेल. तुम्हाला खरं हवं असेल तर मळ कुठे हवा आणि कुठे नको याचं चित्र काढून द्या, तोंडी सांगून भागत नाही.

रजिस्ट्रेशनवरूनही एक फेरा झाला. त्याने हौसेने ‘व्हीटी’ टाकलं होतं, आपलं भारताचं. पण वेट लीजवरचं परदेशी विमान मालकाच्याच देशाचं रजिस्ट्रेशन घेऊन उडतं. मला अमेरिकी मालकाचं ‘एन’ हवं होतं. बदलून दिलं, जादा पैसे मागितले नाहीत. टायर अजून नव्या बुटासारखे चमकतात, ते मीच घरी मॅट वार्निश मारून बसवणार आहे.

वेळेचं सांगायचं तर गणपतीच्या आत देतो म्हणाला आणि मॉडेल हातात पडलं दिवाळीचा फराळ सुरू झाल्यावर. मधे फोन केला की उत्तर ठरलेलं, “काकू, रंग वाळतोय.” पावसाळ्यात लॅकर नीट बसत नाही हे मला मान्य आहे, पण मग तारीखच पावसाळ्यानंतरची द्यायची. घरपोच नाही, आणि तेही बरंच म्हणायचं, कारण या लांबीचं मॉडेल कुरियरच्या हाती देण्याची माझी हिंमत नाही. विमाननगरहून धायरी म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं, सिंहगड रोडची गर्दी धरून अर्धा दिवस काढून ठेवा. पॅकिंग उत्तम, पंखांना थर्माकोलच्या खाचा कापलेल्या.

किट धरून साडेअकरा हजार पडले. तयार धातूची मॉडेलं याहून स्वस्त मिळतात, पण ती एका कंपनीच्या एका रंगात, धुऊनपुसून ठेवल्यासारखी. अर्धवट पुसलेलं नाव करून देणारा पुण्यात मला दुसरा सापडला नाही. पाचपैकी चार. पुढची ऑर्डर बोइंग ७२७ ची देणार आहे, दरवाज्याच्या खरचटीच्या चित्रासकट. आणि हो, स्टँडचे पैसे वेगळे लागतात, ते तो आपण विचारल्याशिवाय सांगत नाही.