देखरेखीखालील भेटींची सेवा: आठ महिन्यांच्या अनुभवानंतर

कॅलिफोर्नियातील न्यायालयात मुलाच्या ताब्याचा वाद चालू असताना माझ्यावर मुलाला मारहाण केल्याचा आरोप झाला, आणि पुढील आदेश होईपर्यंत मी माझ्या सहा वर्षांच्या मुलाला केवळ तिसऱ्या व्यक्तीच्या देखरेखीखाली भेटावे असे ठरले. त्यानंतर आठ महिने, दर शनिवारी दोन तास, आम्ही ज्या व्यावसायिक संस्थेच्या खोलीत भेटलो, तिच्या सेवेविषयी हे लिहीत आहे. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ही हकिकत माझी आहे तितकीच माझ्या मुलाचीही आहे.

प्रवेशाच्या मुलाखतीत मला पहिली गोष्ट स्पष्ट सांगण्यात आली की संस्था कोणाच्याही बाजूची नाही, आरोप खरा की खोटा हे ती ठरवत नाही, आणि त्याविषयी मत देत नाही. त्या मनःस्थितीत हे ऐकणे फार जड गेले. ज्या आईवर असा आळ आला आहे, तिला निदान एका तरी माणसाने ‘आम्हाला तुमचे पटते’ असे म्हणावे असे वाटते. मात्र आज मागे वळून पाहताना, या सेवेचे सर्वांत मोठे मोल त्या अलिप्ततेतच होते असे मी खात्रीने सांगू शकते.

या कामासाठी राज्यात ठरलेले निकष आहेत. त्यांनुसार व्यावसायिक पर्यवेक्षकाला २४ तासांचे प्रशिक्षण आवश्यक असते, पालक आणि मूल यांच्यातील प्रत्येक क्षण त्याच्या नजरेच्या आणि कानाच्या टप्प्यात राहावा लागतो, आणि दुसऱ्या पालकाविषयी वाईट बोलण्यास किंवा मुलाशी खटल्याचा विषय काढण्यास मनाई असते. नोंदीत केवळ घडलेले, पाहिलेले आणि प्रत्यक्ष बोललेले शब्द असावेत, पर्यवेक्षकाचे स्वतःचे निष्कर्ष नसावेत, असाही दंडक आहे. आमच्या पर्यवेक्षक बाईंनी तो काटेकोरपणे पाळला. ‘मुलाने बुटाची नाडी आईपुढे केली. आईने ती बांधली. मूल आईच्या खांद्याला टेकून उभे राहिले.’ अशी त्यांची भाषा असे. ‘प्रेमाने’ किंवा ‘आनंदाने’ असा शब्द त्यांनी आठ महिन्यांत एकदाही लिहिला नाही, आणि म्हणूनच त्यांच्या नोंदींवर समोरच्या वकिलांना बोट ठेवता आले नाही.

माझी खरी तक्रार पहिल्या तीन भेटींविषयी आहे. पर्यवेक्षकांना कळावे म्हणून आम्ही दोघांनी इंग्रजीतच बोलावे असे संस्थेने सांगितले, आणि मी घाबरून मान्य केले. माझा मुलगा जन्मापासून माझ्याशी मराठीतच बोलत आला आहे. परक्या खोलीत, परक्या बाईंसमोर, आई अचानक परक्या भाषेत बोलू लागल्यावर तो गप्पच झाला, आणि नोंदीत आले की मुलगा आईशी फारसे बोलत नाही. वाक्य अक्षरशः खरे होते, तरी वाचणाऱ्याने त्यातून भीतीचाच अर्थ काढला असता. पर्यवेक्षकाला पालकाची आणि मुलाची भाषा येत नसेल तर संस्थेने १८ वर्षांवरील तटस्थ दुभाष्याची सोय करावी, असे त्याच निकषांत नमूद आहे. हे मला माझ्या वकिलांनी सांगितले. वास्तविक ते संस्थेने पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते.

चौथ्या भेटीपासून दुभाषी आल्या. त्या दिवशी दार उघडताच मुलगा म्हणाला, “आई, मिठी मार ना.” पर्यवेक्षक बाईंनी ‘मार’ हा शब्द ओळखला, कारण आरोपाच्या कागदांत तो आला होता, आणि त्यांचे पेन थांबलेले मी पाहिले. मराठीत मिठी मारतात, हाक मारतात, उडी मारतात आणि गप्पाही मारतात, हे दुभाषींनी शांतपणे समजावले. नोंदीत मूळ शब्द आणि त्यांचा अर्थ दोन्ही लिहिले गेले. ते पान मी जपून ठेवले आहे.

तिसऱ्या महिन्यात बालसंरक्षण विभागाने आरोप निराधार ठरवला. तरीही न्यायालयाची पुढची तारीख येईपर्यंत भेटी तशाच चालू राहिल्या. त्या काळात मुलाच्या वडिलांवर मानसिक त्रासाच्या भरपाईचा दावा लावायचा माझा निश्चय झाला होता. रात्र रात्र झोप नव्हती, शाळेच्या फाटकाजवळून जाताना हातपाय कापत असत, आणि याची किंमत कोणीतरी मोजावी असे मनापासून वाटत होते. वकिलांनी मला तीन गोष्टी सांगितल्या. न्यायालयीन कामकाजात केलेल्या विधानांना जवळजवळ पूर्ण संरक्षण असते, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये सिल्बर्ग विरुद्ध अँडरसन या निकालात, घटस्फोटाच्या दाव्यातून उद्भवलेल्या प्रकरणातच, ते उचलून धरले आहे. २०२१ पासून पोलिसांकडे जाणूनबुजून केलेल्या खोट्या तक्रारीला ते संरक्षण राहिलेले नाही, पण माझ्यावरील आरोप न्यायालयातील प्रतिज्ञापत्रात होता. शिवाय मानसिक त्रासाचा दावा केला की माझ्या समुपदेशनाची कागदपत्रेही उघडी होऊ शकतात, आणि ताब्याचा निकाल लागायचा असताना ती जोखीम माझ्या मुलाच्या वाट्याला आली असती.

कुटुंब कायद्याचे कलम ३०२७.१ मात्र आहे. ताब्याच्या खटल्यात अत्याचाराचा खोटा आरोप तो खोटा असल्याचे माहीत असताना केला, असे न्यायालयाला आढळले, तर जास्तीत जास्त बचावाच्या खर्चाइतका दंड आणि तो मिळवण्यासाठी लागलेली वकिलांची वाजवी फी लावता येते. अडचण ‘माहीत असताना’ या शब्दांची आहे. मुलाच्या कोपरावरचा झोपाळ्याचा वळ पाहून त्याचे वडील खरोखरच घाबरले असतील, ही शक्यता मलाही नाकारता आली नाही. कॅनडातील १९९८ च्या प्रकरणांच्या अभ्यासात ताब्याचा वाद चालू असलेल्या ठिकाणीही जाणूनबुजून खोट्या तक्रारींचे प्रमाण सुमारे १२ टक्केच आढळले होते. माझ्यासारखीला हे वाचणे सोपे नाही, परंतु उद्या एखादे मूल खरोखर मार खात असेल तर त्याच्यासाठी बोलणाऱ्याला दंडाची धास्ती वाटू नये, हेही मला तितकेच मान्य आहे. मी दावा लावला नाही आणि दंडाचा अर्जही केला नाही.

सुनावणीत न्यायाधीशांनी संस्थेचा अहवाल वाचला, दुभाषींच्या पानाविषयी दोन प्रश्न विचारले आणि देखरेखीची अट काढून टाकली.

बाकी उणिवा किरकोळ आहेत. मुलाचे वडील आणि मी समोरासमोर येऊ नये म्हणून वेळांमध्ये १५ मिनिटांचे अंतर नेहमी पाळले गेले, कर्मचारी मुलाशी आदराने वागले, पण अहवालाची प्रत दोनदा उशिरा मिळाली आणि त्यासाठी मला वारंवार फोन करावे लागले. ज्यांना अशी सेवा घ्यावी लागणार आहे, त्यांनी पहिल्याच फोनवर दुभाष्याविषयी विचारावे, नोंदी कोण लिहिणार आणि अहवाल किती दिवसांत मिळणार हेही विचारावे, आणि मिळालेले उत्तर त्याच दिवशी ईमेलने लेखी मागून घ्यावे.