ईएसआयसीची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना : पैसे येतात, पुढच्या कामाचं काय?

आमच्या मिस्टरांची नोकरी नाशिकच्या अंबड एमआयडीसीतली, वाइंडिंग डिपार्टमेंट. एलईडी लाईटच्या ड्रायव्हरमध्ये (दिव्याला लागेल तशी वीज पुरवणारा भाग) जे छोटे ट्रान्सफॉर्मर असतात त्यांची तार गुंडाळायचं काम. चीनवरून आख्खा तयार ड्रायव्हर त्याहून स्वस्तात यायला लागला, मग मालकाने तोच मागवून नुसतं फिटिंग चालू ठेवलं आणि वाइंडिंगवाल्यांना सांगितलं उद्यापासून येऊ नका. कंपनी बंद नाही बरं का, गेटवर बोर्ड तोच आहे, आतली माणसं तेवढी गेली. तेव्हा नोकरी गेल्यावर काही दिवस पैसे देणारी ही योजना आम्ही वापरली. सातपूर-अंबडला बऱ्याच जणांना ईएसआय (कर्मचारी राज्य विमा, तो ईएसआयसी हे सरकारी महामंडळ चालवतं) म्हणजे फक्त दवाखाना असंच वाटतं म्हणून सविस्तर लिहिते.

योजना २०१८ पासून आहे. आधी पगाराच्या २५ टक्के मिळायचे, कोरोनात ते ५० टक्के केले. मागच्या २ वर्षांच्या रोजच्या सरासरी कमाईचे निम्मे, जास्तीत जास्त ९० दिवस, आणि आयुष्यात एकदाच. म्हणजे १६ हजार पगार धरला तर तीन महिन्यांचे मिळून साधारण २४ हजार. अट अशी की किमान २ वर्षं विमा असलेली नोकरी पाहिजे आणि नोकरी जायच्या लगेच आधीच्या सहामाहीत निदान ७८ दिवसांची, शिवाय त्या २ वर्षांतल्या बाकीच्या तीनपैकी एका सहामाहीतही निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली पाहिजे. नोकरी गेल्यावर ३० दिवसांनी अर्ज करता येतो. आणि पैसे चालू असतील तोवर घरच्यांचा दवाखानाही चालू राहतो. आमच्या सासूबाईंची बीपी शुगरची औषधं त्यामुळे थांबली नाहीत, ही गोष्ट मला पैशापेक्षा मोठी वाटली.

अर्ज मी स्वतः मोबाईलवरून भरला. ॲफिडेव्हिट लागायचं ते आता लागत नाही. अडतं ते नावात. पासबुकावर नुसतं आद्याक्षर आणि आधारवर वडिलांचं नाव पूर्ण असं असेल तर आधी बँकेत जाऊन ते सरळ करून घ्या. दुसरं म्हणजे कंपनीने ईएसआय वर्गणीच्या दर महिन्याच्या चलनात तुमच्या नावापुढे काय कारण टाकलंय ते बघा. आमच्या कंपनीने ह्यांना काढल्यावरही कित्येक दिवस रजेवर दाखवलं होतं, ऑफिसला फोन केला की साहेब मीटिंगमध्ये, शेवटी मी गेटवर जाऊन बसले तेव्हा ते बदललं. पण एकदा कागद जुळल्यावर पैसे थेट खात्यात आले, मधे कोणी एजंट नाही, चहापाणी नाही. ह्याबद्दल पूर्ण मार्क.

मला राग येतो तो ९० दिवसांचा. ऑर्डर कमी झाली म्हणून काम सुटलं तर तीन महिन्यात दुसरीकडे लागतं माणूस. इथं कामच देशाबाहेर गेलं. वीस-बावीस वर्षं तारेचा ताण बोटावर ओळखणारा माणूस, त्याने दुसरं काय शिकायचं, कुठं, आणि शिकेपर्यंत घर कसं चालवायचं हे कोणीच सांगत नाही. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना बघितली तर वय १८ ते ३५, आमचे हे ४४ चे. परदेशी माल पडेल भावात आला तर इथले उत्पादक डीजीटीआर या केंद्र सरकारच्या व्यापार खात्यातल्या ऑफिसकडे अर्ज करतात, चौकशी होते, अँटी डम्पिंग ड्युटी (त्या मालावर जादा कर) लागते आणि ती साधारण ५ वर्षं राहते. कारखानदाराला ५ वर्षं आणि कामगाराला ९० दिवस, हा हिशोब मला पटत नाही. अमेरिकेत ट्रेड ॲडजस्टमेंट असिस्टन्स नावाची योजना १९६२ पासून होती, त्यात तीन कामगार एकत्र येऊन सरकारकडे अर्ज करू शकायचे की आमचं काम आयातीमुळे गेलं, मग ट्रेनिंग, ट्रेनिंग चालू असताना पैसे, आणि पन्नाशीच्या पुढच्याला कमी पगाराची नोकरी धरावी लागली तर फरकाची निम्मी रक्कम २ वर्षांत १० हजार डॉलरपर्यंत. तिथेही १ जुलै २०२२ पासून नवीन मंजुरी बंद झाली आहे, पण निदान कारण विचारणारा एक फॉर्म होता. आपल्या फॉर्मवर नोकरी गेली एवढंच कळतं, कशामुळे गेली हे कोणाला जाणून घ्यायचंच नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ईएसआयसीचीच दुसरी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे, २००५ पासूनची. कारखाना बंद झाला किंवा कायदेशीर छाटणी झाली तर त्यात २४ महिने पैसे मिळतात, पहिले १२ महिने ५० टक्के आणि नंतरचे १२ महिने २५ टक्के, शिवाय ट्रेनिंगचा खर्चही महामंडळ करतं. पण त्याला छाटणीचा कागद लागतो, आणि कंपन्या तोच देत नाहीत. ह्यांच्याबरोबरच्या पोरांकडून टाईप केलेल्या राजीनाम्यावर सह्या घेतल्या, हिशोब आठवड्यात देतो म्हणून. ह्यांनी सही केली नाही, तरी छाटणीचं पत्र काही मिळालं नाही, म्हणून आम्हाला ९० दिवसांवरच भागवावं लागलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन औद्योगिक संबंध संहिता लागू झालीय, तिच्यात छाटणी झालेल्या कामगारासाठी मालकाने १५ दिवसांचा पगार रिस्किलिंग फंडात (नवं काम शिकण्यासाठीचा निधी) भरायचा आणि ४५ दिवसांत तो कामगाराच्या खात्यात जमा व्हायचा असं आहे. तिथेही शब्द छाटणीच आहे. तेव्हा राजीनाम्यावर सही करू नका, पत्र लेखी मागा, नाही दिलं तर कामगार उपायुक्तांच्या ऑफिसात लेखी तक्रार द्या आणि पोच शिक्का मारून घ्या.

पैसे आणि दवाखाना यासाठी चार स्टार, पुढच्या कामासाठी एक. ज्यांना अर्ज भरता येत नाही त्यांनी खाली लिहा, संध्याकाळी सातनंतर मी फॉर्म भरून देते, फक्त आधार, पासबुक आणि विमा नंबर जवळ ठेवा.