मौर्य की सेल्युकिड? हत्तीवाली फौज निवडताना

प्राचीन युद्धांच्या मिनिएचर खेळात, म्हणजे टेबलावर छोट्या मॉडेलांच्या फौजा लढवण्याच्या खेळात, उतरायचं आणि हत्ती हवाच, एवढं ठरलं असेल तर दोन फौजा समोर येतात: मौर्य नाहीतर सेल्युकिड (अलेक्झांडरचा सेनापती सेल्युकस याच्या घराण्याची पश्चिम आशियातली फौज). रोमचा शत्रू कार्थेज मी धरत नाही. झामाच्या लढाईत कार्थेजचा सेनापती हॅनिबल याचे ८० हत्ती रोमनांनी मोकळ्या ठेवलेल्या वाटांमधून निघून गेले, काही तर आपल्याच घोडदळावर उलटले. खेळातही तेच होतं.

मौर्यांचा सगळा भार हत्तींवर. मौर्य दरबारी आलेला ग्रीक वकील मेगॅस्थेनिस याच्या वर्णनात हत्तीवर माहूत आणि तीन तिरंदाज. अंबारी नसल्याने मॉडेल जोडायला सोपं. सोबत मोठ्या धनुष्यांचं पायदळ आणि रथ, घोडदळ मात्र बेताचं. समोर घोडेस्वारांची फौज असेल तर मजाच. सवय नसलेले घोडे हत्तीच्या नुसत्या वासाने बिचकतात, आणि बहुतेक नियमावल्या ते धरून चालतात. पण समोरच्याने हलके भालाफेके आणले की अवघड. इ.स.पू. ३२६ मध्ये झेलमकाठी अलेक्झांडरच्या माणसांनी माहूत टिपले, हत्तींवर चहूबाजूंनी भाले फेकले आणि कोंडलेले हत्ती पुरू राजाच्याच सैन्याला तुडवत सुटले. तुमचा महागडा हत्ती असा स्वस्तातल्या पोरांकडून मरतो, तेव्हा फार जिवाला लागतं.

सेल्युकिडांकडे मधोमध फॅलँक्स (लांब भाले घेतलेल्या पायदळाची दाट रांग), कडेला चांगलं घोडदळ आणि मोजके हत्ती. इ.स.पू. ३०१ मध्ये इप्ससच्या लढाईत सेल्युकसच्या विरोधातला डिमीट्रियस घोडदळ घेऊन पाठलागावर लांब गेला. परतताना सेल्युकसचे हत्ती वाटेत उभे. बाप अँटिगोनस तिकडे मारला गेला. हत्तीने लढायलाच हवं असं नाही, वाट अडवली तरी डाव फिरतो. फक्त हत्ती फॅलँक्सच्या तुकड्यांमध्ये घुसवू नका. रोमनांविरुद्ध मॅग्नेशियाच्या लढाईत सेल्युकिड राजा अँटिओकसने ते केलं, हत्ती बिथरले आणि रांग आतूनच मोडली.

सांगलीत खेळणारे मोजकेच, त्यामुळे आधी समोरच्या गड्याची फौज विचारा. त्याच्याकडे पार्थियन (प्राचीन इराणी) किंवा तसलं घोडदळ असेल तर बिनधास्त मौर्य. रोमन असेल, किंवा अजून काहीच ठरलं नसेल, तर माझं मत सेल्युकिड. हत्ती गेले तरी हातात काहीतरी उरतं.

आकार १५ मिमीचा घ्या, म्हणजे माणसाचं मॉडेल साधारण तेवढ्या उंचीचं. तीन मीटरचा हत्ती त्यात जेमतेम तीन सेंटीमीटर होतो, आणि डीबीए या नियमावलीची १२ बेसची (मॉडेल चिकटवलेल्या पट्ट्यांची) फौज कॅरम बोर्डवर कापड टाकून खेळता येते. २८ मिमीला मोठं टेबल लागतं. रंगवताना नुसता काळा-पांढरा मिसळू नका, थोडा तपकिरी घाला. सोंडेवर आणि कानांच्या कडेला फिकट गुलाबी ठिपके द्या. मूर्तीच्या कारखान्यात कोणी ओळखीचं असेल तर त्यांची रंगवायची पद्धत बघून घ्या. स्प्रे वार्निश मात्र जुलै-ऑगस्टमध्ये नको, दमट हवेत ते पांढुरकं होतं.