हॉटेलचं गोल्ड कार्ड घेऊन दहा महिने झाले, सोलापूरकरांसाठी अनुभव लिहितोय

मागच्या जुलैमध्ये एका मोठ्या हॉटेलमधनं फोन आला. सर तुमचा नंबर आमच्या निवडक गेस्टच्या लिस्टमध्ये आहे, गोल्ड मेंबरशिप देतोय, फी ७,५०० आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८,८५०. मी घेतलं. आता दहा महिने वापरलंय, सगळी बिलं एका फाइलला लावून ठेवलीत, म्हणून नीट लिहिता येईल असं वाटतं. हॉटेलचं नाव लिहीत नाही, कारण अशी कार्डं आता बऱ्याच ठिकाणी विकतात आणि नियम थोड्याफार फरकानं सारखेच असतात.

आधी का घेतलं ते सांगतो. माझा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे, बारा माग. बाहेरगावची पार्टी आली की माल दाखवायचा, रेट ठरवायचा आणि मग जेवायला न्यायचं, ही आमच्याकडची पद्धतच आहे. पार्टीला कुठं जेवायला नेलं यावरनं तुमचं कसं चाललंय ते दुसऱ्या दिवशी बाजाराला कळतं. खानावळीत नेलं तर म्हणतात पेमेंट अडकलं वाटतं यांचं. मला हे दहा वर्षं ऐकायला लागलंय, त्यामुळं फोनवरच्या मुलीनं "सर टेबलावर कार्ड ठेवलं की गेस्टवर इंप्रेशन पडतं" असं म्हणलं तेव्हा मी लगेच हो म्हणलो. आजही त्यात चूक केली असं वाटत नाही, गरज होती.

कार्ड येतं एका जाड डब्यात, काळ्या रंगावर सोनेरी नाव, सोबत व्हाउचरचं पुस्तक. दोन बुफे फ्री, एक वाढदिवसाचा केक, एक रात्र रूमवर सूट, वगैरे. आणि मुख्य गोष्ट म्हणजे जेवणावर डिस्काउंट. हे डिस्काउंट कसं चालतं ते नीट समजून घ्या, कारण विकताना फक्त "५० टक्के" एवढंच ऐकू येतं. दोघं जेवलात तर ५० टक्के, तिघं असाल तर ३३, चौघं २५, पाच जण २०, असं उतरत जातं. म्हणजे कितीही लोक न्या, एका माणसाचं जेवण माफ. बाकी काही नाही. माझ्या बिलांवर हे अगदी तंतोतंत दिसतं, दोघं गेलो तेव्हाही हजाराच्या आसपास वाचले आणि नऊ जण गेलो तेव्हाही हजाराच्या आसपासच. त्यातही सूट फक्त खाण्यावर, पाण्याची बाटली, मॉकटेल, आइस्क्रीम यांतलं काय बसतं आणि काय नाही ते दर वेळी विचारावं लागतं. ३१ डिसेंबर, व्हॅलेंटाइन, दिवाळीचे दिवस, फूड फेस्टिवल चालू असेल ते दिवस, यांतल्या कशालाच कार्ड चालत नाही. आणि आपल्याकडं बाहेर जेवायला जायचं ते सणावारीच की.

हिशोब सांगतो. तेरा वेळा गेलो. वाचले साधारण १२,४००. कार्डची फी वजा केली तर साडेतीन हजार फायदा. कागदावर फायदाच आहे. पण या तेरा वेळांत खिशातनं गेले ३३ हजारांच्या वर, फी सोडून. आणि कार्ड नव्हतं त्याच्या आदल्या वर्षी अशा हॉटेलात आम्ही तीन नाही तर चार वेळा गेलो असू. कार्ड आहे म्हणून जायचं, व्हाउचर संपायला आलंय म्हणून जायचं, दाजी आलेत तर तिकडंच नेऊ, असं होत गेलं.

आता जेवणाबद्दल. पंजाबी भाज्या, कबाब, बिर्याणी चांगलं असतं, त्यात काही बोट ठेवायला जागा नाही, स्वच्छता एक नंबर, एसी छान, पार्किंगची कटकट नाही. दिल्लीची एक पार्टी येते, त्यांना तेच आवडतं. मी त्यांना एकदा मुद्दाम खानावळीत नेलं होतं, त्यांनी मान ठेवून खाल्लं पण पुढच्या वेळी स्वतःच म्हणले त्या हॉटेललाच जाऊ. तर अशा पार्टीसाठी कार्ड कामाला आलं, हे खरं आहे आणि ते लिहायला पाहिजे.

पण मेनूमध्ये "सोलापूर स्पेशल" म्हणून एक पान आहे, त्याचं मला मनापासून वाईट वाटलं. शेंगा चटणी मिक्सरमधनं काढलेली, कोरडी पूड, छोट्या वाटीत. आमच्याकडं शेंगा चटणी म्हणजे भाजलेले दाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ असं सगळं उखळात घालून तेल सुटेपर्यंत कुटायचं, बोटांना चिकटली पाहिजे, गोळा वळला पाहिजे. आणि कडक भाकरी. पातळ थापून, भाजून, मग मंद आचेवर कोरडी करत करत कडक करतात, मोडली की आवाज आला पाहिजे, तुकडा दह्यात बुडवला तरी लगेच मऊ पडत नाही. तिथं जी आली ती वातड झालेली, कुठलं तरी पाकीट फोडून बराच वेळ उघडी राहिलेली. वेटरला म्हणलं तर तो बिचारा म्हणाला सर इथं हे फार कोणी मागवत नाही. मालदांडी ज्वारीला मंगळवेढ्याच्या नावानं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, ते मंगळवेढा आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या हॉटेलात भाकरी मागवणारा माणूस नाही. मागवणारा आहे खरं तर, पण त्या टेबलावर बसून मागवायला त्याला संकोच वाटतो. मला पण वाटला आहे, पार्टीसमोर.

अजून एक गोष्ट आमच्या धंद्यातली म्हणून डोळ्यात खुपली. टेबलावरचा नॅपकिन. मी हातात घेतला की आधी काठ बघतो, मग दोन बोटांत धरून चोळतो. पॉलिस्टर. ओला हात पुसला तर पाणी टिपत नाही, नुसतं पसरवतं. सोलापुरी चादरीला जीआय आहे, सोलापूरच्या टेरी टॉवेललाही आहे, आणि एमआयडीसीतनं गाडीनं वीस मिनिटांच्या अंतरावर बाहेरचा पॉलिस्टर नॅपकिन. मी मॅनेजरला सांगितलं, सॅम्पल म्हणून सुती नॅपकिनचं एक डझन फुकट पण नेऊन दिलं. त्यावर अजून काही उत्तर आलेलं नाही.

ऑक्टोबरमध्ये अण्णांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस होता. अण्णा मिलमध्ये होते, मिल बंद पडल्यावर दुसऱ्याच्या मागावर काम केलं, मग दोन माग घेतले, तिथनं आमचं सगळं उभं राहिलं. मला वाटलं एवढ्या वर्षांनी त्यांना चांगल्या ठिकाणी न्यावं, नऊ जण गेलो. अण्णांनी मेनू उघडला आणि उजव्या बाजूचे आकडे वाचत गेले, वरनं खालपर्यंत, बोट लावून. मग मेनू मिटवून ठेवला आणि म्हणले तुम्ही सांगा काय ते. अर्धी नान खाल्ली, थोडा दालराइस. मी दहा वेळा विचारलं तर भूक नाही म्हणले. घरी आल्यावर आईनं साडेदहाला त्यांना भाकरी आणि दूध दिलं, ते मी पाणी प्यायला उठलो तेव्हा बघितलं. मला रात्रभर झोप नाही लागली.

त्याच दिवशी बिलात सर्व्हिस चार्ज लावलेला, १० टक्के, आणि तो पण डिस्काउंटच्या आधीच्या रकमेवर, म्हणजे ९,४०० वर ९४०. एका माणसाची सूट ११ टक्के मिळाली त्यातले १० इकडं गेले. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा, सर्व्हिस चार्ज देणं तुमच्या मर्जीवर आहे, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की तो बिलात आपोआप लावायचा नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते कायम ठेवलं. काढला नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. मी काढायला सांगितलं, दहा मिनिटं मॅनेजर येईपर्यंत थांबलो, काढला त्यांनी. पण ती दहा मिनिटं अवघड गेली. दाजी म्हणले जाऊ दे की मालक, हजार रुपयानं काय होतंय, शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले, बायको खाली बघत बसली. आपल्याकडं बिलावर बोलणं म्हणजे ऐपत नाही असं धरतात. असल्या ठिकाणी बरेच लोक गप्प राहतात ते यामुळंच, आणि हॉटेलवाल्यांना ते पक्कं माहीत आहे.

दाजींना मी नावं ठेवत नाही. त्यांनी आयुष्यात फार बघितलंय, आता द्राक्षाचे चार पैसे आलेत तर हातात ब्रेसलेट घालावं, मोठी गाडी घेऊन यावं असं वाटतं, आणि बिल मीच देणार म्हणून ते खरंच भांडतात. लग्नात आता जेवणाचे काउंटर किती होते हे विचारतात, पदार्थ कसा होता ते कोणी विचारत नाही. हुरड्याचं पण तसंच झालं. लहानपणी थंडीत कुणाच्याही रानात जायचं, गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजायची, गरम कणीस हातावर चोळायचं, शेंगा चटणी, दही, गूळ, बोरं, एक पैसा लागायचा नाही. या जानेवारीत एका फार्मवर माणशी पैसे भरून गेलो, बाहेर वीस-पंचवीस मोठ्या गाड्या, डीजे लावलेला, आणि हुरडा भाजणारे मामा घामानं भिजून एकटेच आगटीपाशी. हुरडा मात्र कोवळा, गोड होता, तेवढं खरं.

त्याच आठवड्यात गड्डा होता. हैदराबादची पार्टी आली होती, हॉटेलात टेबल बुक होतं, ते म्हणले सिद्धेश्वरांची यात्रा चालू आहे तर आधी दर्शन घेऊ. होम मैदानावर गर्दीत फिरलो, उभ्यानं गरम भजी खाल्ली, मग ते म्हणले आता कुठलं हॉटेल, इथलं काही खायला घाला. पूर्व भागात, जिथं तेलुगू विणकरांची वस्ती आहे, एका घरगुती खानावळीत नेलं, आमच्या जॉबरच्या, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणाऱ्या माणसाच्या, ओळखीची. आंबाडीची भाजी, ज्वारीची भाकरी, पच्ची पुलुसू म्हणजे चिंचेचं कच्चं सार, भात. खानावळ चालवणारी अम्मा आणि पार्टी तेलुगूत बोलत बसले, मला निम्मं समजलं. चार जणांचे साडेसहाशे रुपये. मी पहिल्यांदा बिल देताना अवघडलो नाही.

आता सगळ्यात मोठी तक्रार. मार्चमध्ये फ्री बुफेचं एक व्हाउचर शिल्लक होतं, ते मी आमच्या जॉबरला दिलं, त्याच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून. वीस वर्षं तो आमचे माग सांभाळतोय, रात्री दोनला फोन केला तरी येतो. व्हाउचरवर "कार्डधारक हजर पाहिजे" असं कुठं छापलेलं नाही, मी भिंग लावून वाचलंय. दोघं रिक्षानं गेले, तिनं लग्नातलं इरकल काढलेलं. दारावरच त्यांना थांबवलं, कार्ड कुठाय, नाव काय, तुमचं रिलेशन काय, आणि लॉबीतल्या सोफ्यावर बसवायचं सोडून बाहेर उभं राहून फोन करायला लावला. मी कारखान्यातनं तसाच, अंगावर कापसाचे तंतू घेऊन गेलो, अर्ध्या तासानं पोचलो, तोपर्यंत ती दोघं पोर्चच्या खांबाला टेकून उभी. माझं तोंड बघितल्याबरोबर सिक्युरिटीनं सलाम केला. त्या सलामाची मला लाज वाटली. आत नेलं, त्यांच्यासोबत बसलो, ती बाई ताटात दोनच पदार्थ घेऊन आली आणि सारखी विचारत होती हे सगळं घेतलं तर चालतंय का. मी लेखी तक्रार दिली, उत्तर आलं की "गैरसोयीबद्दल क्षमस्व", आणि पुढच्या भेटीवर एक डेझर्ट फ्री. जॉबरची माफी कुणी मागितली नाही.

कोणी घेणार असेल तर घ्यायच्या आधी हे लेखी मागा: कुठल्या तारखांना चालत नाही, व्हाउचर दुसऱ्याला देता येतं का, डिस्काउंट सर्व्हिस चार्जच्या आधी का नंतर, आणि वर्षाच्या आत रद्द केलं तर पैसे परत मिळतात का. नवरा-बायको दोघंच असाल आणि महिन्यातनं एकदा जाणारच असाल तर पैसे वसूल होतात. पार्टी नेणाऱ्यांना पण चालेल. पाच-सहा जणांच्या घराला नाही परवडत, आणि घरात म्हातारी माणसं असतील तर अजिबात नको, त्यांना त्या खुर्च्या पण फार खोल पडतात, उठायला हात द्यावा लागतो.

परवा रिन्यूअलचा फोन आला, यंदा प्लॅटिनम घ्या म्हणत होते. नको म्हणून सांगितलं. केकचं व्हाउचर अजून आहे, जूनपर्यंत चालतं, ते मीच जाऊन घेऊन येणार आहे, जॉबरच्या नातवाचा पहिला वाढदिवस आहे आणि जेवण अम्माच्या खानावळीतनं सांगितलंय, तीस माणसांचं. अण्णा पण येतो म्हणलेत.